न जमलेलं कार्ड

त्या खोलीच्या भिंतीवर दोनच नियम रंगवलेले होते. पहिला, या खोलीत आलेलं प्रत्येक इंग्रजी वाक्य कार्डावर उतरवावं. दुसरा, एकही कार्ड इमारतीबाहेर जाणार नाही. अक्षरांचा रंग केव्हाच उडाला होता, पण नियमांचा धाक काही उडाला नव्हता.

काम चालायचं कोशाचं. रोजच्या वापरातलं इंग्रजी, लॅटिनमध्ये. आता घरीदारी लॅटिन बोलणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, मग 'लिफ्ट बंद आहे' हे त्याला सांगायचं कशाला, असं कुणी विचारलं की सर शांतपणे म्हणायचे, "समजा, भेटला तर?" झालं! साठ वर्षांपूर्वी मोठ्या सरांनी एका हौशी श्रीमंताच्या ट्रस्टच्या जिवावर हा कोश सुरू केला. मोठे सर गेले, त्यांच्या खुर्चीत त्यांचा मदतनीस बसला, तेच आताचे सर. भिंतभर लाकडी खण, खणांत चार लाख कार्डं, आणि कोशानं अजून छापखान्याचं तोंड पाहिलेलं नाही. कसं पाहणार? रोज नवे शब्द येतात. मोबाईलनं तर बिचाऱ्यांचं कंबरडंच मोडलं.

टाचणीबाई तिथं एकोणीस वर्षं होत्या. चिठ्ठ्या कार्डांना जोडायच्या म्हणून ओठांत कायम दोन-तीन टाचण्या, त्यावरून खालच्या वॉचमननं ठेवलेलं हे नाव. पुढं ते सगळ्यांच्या तोंडी इतकं बसलं की खरं नाव हजेरीपुरतं उरलं. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं सरांची नजर गेली, उजेड-अंधार तेवढा कळायचा. तेव्हापासून बाईंचं काम दुप्पट झालं. आलेलं वाक्य मोठ्यानं वाचायचं, सर सांगतील ते लिहायचं, चहाचा कप त्यांच्या हातात नीट द्यायचा आणि संध्याकाळी हाताला धरून बावीस पायऱ्या उतरवायच्या.

सरांची रीत ठरलेली. बाईंनी 'मिस्ड कॉल' म्हटलं की ते खुर्चीत मागे रेलून म्हणत, "मी रोमन माणूस आहे. मला समजाव."

"कुणीतरी हाक मारतं आणि तुम्ही ओ द्यायच्या आत निघून जातं."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही उलट हाक मारायची."

"कसले विचित्र लोक आहात तुम्ही!" असं म्हणून सर खुदकन हसत, आणि पुढचे दोन दिवस त्या एका शब्दात जात. बाईंना हे आवडायचं, उगाच खोटं कशाला सांगा. वडील गेल्यावर बावीस वर्षांच्या त्या मुलीला याच माणसानं एक पैसा न घेता तीन वर्षं लॅटिन शिकवलं होतं आणि मग याच खोलीत टेबल दिलं होतं. त्या उपकाराचं ओझं असं, की उतरवायला गेलं तर आणखी चढायचं.

पण धाकटी बहीण एकटी होती, आणि आजारी होती. सोमवारी तिचं ऑपरेशन. पुढं सहा महिने तरी तिला एकटीला सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या गावातल्या शाळेनं बाईंना नोकरी द्यायचं कबूल केलं होतं, फक्त आधीच्या कामातून मोकळं केल्याचं पत्र हवं होतं. शनिवार संध्याकाळच्या गाडीचं तिकीट पर्समध्ये होतं. धाकटी रोज फोनवर एकच विचारायची, "ताई, येतेस ना गं?" आणि बाई रोज म्हणायच्या, "येते गं, बाई माझी." याआधी तीनदा त्या अशाच 'येते' म्हणाल्या होत्या आणि तिन्ही वेळा सरांनी "हा खण होऊ दे, मग बघू" म्हटलं होतं. खण कसला होतोय? मारुतीचं शेपूट ते.

तुम्ही म्हणाल, पत्र गेलं खड्ड्यात, सरळ उठून जायचं. बोलायला सोपं आहे. पत्राशिवाय नोकरी नव्हती, हे तर खरंच. पण सरांच्या तोंडून 'जा' ऐकल्याशिवाय बाईंचा पाय त्या उंबऱ्याबाहेर पडला नसता, हे त्याहून खरं. बाईंना स्वतःचा याबद्दल रागही यायचा. तो कुणाला दाखवायची सोय नव्हती.

या वेळी त्यांनी लेखी राजीनामा लिहिला. ट्रस्टचा कारभार इंग्रजीत, म्हणून इंग्रजीत. चार वाक्यं. गुरुवारी सकाळी तो सरांसमोर ठेवला, आणि ठेवल्यावर लक्षात आलं, यांना वाचून कोण दाखवणार? आपणच. घसा खाकरून त्यांनी स्वतःचा राजीनामा मोठ्यानं वाचायला घेतला. माझी बहीण आजारी आहे. माझ्याशिवाय तिला कुणी नाही. मी शनिवारपर्यंतच काम करू शकेन. आणि शेवटचं, "काइंडली रिलीव्ह मी ऑफ माय ड्यूटीज."

सर डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "छान. रोजची वाक्यं आहेत. शेवटचं आपल्याकडे आहे का?"

बाईंना आधी वाटलं, थट्टा करतायत. "सर, हा माझा राजीनामा आहे."

"ऐकलं मी. पण खोलीत आलेलं वाक्य आहे ना? नियम काय सांगतो?" त्यांनी बोट भिंतीकडे केलं. भिंत त्यांना दिसत नव्हती, तरी बोट बरोबर नियमावरच गेलं. "घे कार्डं. चार."

आणि बाईंनी घेतली! एकोणीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला. ज्या कागदावर जीव टांगलेला, त्याची चार कार्डं स्वतःच्याच हातानं केली, टाचण्या स्वतःच लावल्या. कोपऱ्यातल्या टायपिस्टनं कपाळावर हात मारून घेतला. ती बाई तोंडाची फटकळ, पण सरांपुढं तिचंही मशीनच काय ते बोलायचं.

पहिली तीन वाक्यं जेवणाच्या सुट्टीआधी झाली. 'बहीण आजारी आहे' याला लॅटिनमध्ये काही अडचण नाही, बहिणी तेव्हाही आजारी पडत होत्या. गाडी अडली ती चौथ्यावर.

"मी रोमन माणूस आहे," सर म्हणाले. "मोकळं करा म्हणजे? तू गुलाम आहेस का?"

"नाही."

"कैदी?"

"नाही."

"मग दार उघडं आहे की. मोकळं कशातून करायचं?"

बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. "हेच मलाही कळत नाही, सर," त्या म्हणाल्या. गुरुवार गेला. शुक्रवारीही तेच. सैनिकाला मोकळं करतात तो शब्द चालणार नाही, कर्जदाराचा नको, घोड्याचा तर नकोच. "शब्द मिळू दे, मग सहीचं बघू," असं सर दोनदा म्हणाले.

संध्याकाळी जिन्यात टायपिस्टनं बाईंना गाठलं. "अगं, तो शब्द ते मुद्दाम शोधत नाहीयेत. तुला एवढंही कळत नाही?"

"कळतं."

"मग?"

"कळून काय उपयोग?" बाई म्हणाल्या आणि सरांना आणायला परत वर गेल्या.

शनिवारी दुपारी तीन वाजता सरांनी हात झटकले. "नाही जमत हे. न जमलेल्यात टाक."

प्रत्येक खणाच्या तळाशी, अगदी मागं, न जमलेल्या कार्डांची एक गड्डी दोऱ्यानं बांधलेली असायची. बाईंनी आजवर अशा गड्ड्यांच्या दोऱ्यात वरूनच कार्डं खोचली होती. उलगडून कोण बघतो? हरलेल्या गोष्टी कुणी पुन्हा चाळत नाही. पण आज 'के'च्या खणातल्या गड्डीचा जुना दोरा हातातच तुटला आणि कार्डं जमिनीवर पसरली. बाई खाली बसून ती अक्षरक्रमानं लावायला लागल्या. 'काइंडली'पाशी येऊन त्यांचा हात थांबला.

तेच वाक्य तिथं आधीच होतं. एकदा नव्हे, दोनदा. काइंडली रिलीव्ह मी ऑफ माय ड्यूटीज. एक कार्ड बाईंच्या आधी तिथं काम करणाऱ्या थोरल्या बाईंच्या हातचं. त्या टेबलाशीच चक्कर येऊन वारल्या होत्या, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. दुसरं कार्ड पिवळं पडलेलं. त्यावरचं अक्षर ओळखायला बाईंना क्षणही लागला नाही. याच अक्षरात फळ्यावर लिहिलेलं वाचून त्या लॅटिन शिकल्या होत्या. कार्डावर तारीख होती सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची. खाली लॅटिनची जागा कोरी.

बाई तशाच जमिनीवर बसून राहिल्या. टायपिस्टचं मशीन थांबलं.

"काय गं, शांतता का?" सरांनी विचारलं.

"सर, वाक्य आधीपासून आहे आपल्याकडे."

"असेल."

"अक्षर तुमचं आहे."

सरांचा हात टेबलावर चहाचा कप शोधत होता, तो तिथंच राहिला. ते म्हणाले, "गड्डीत टाकलं वाटतं मोठ्या सरांनी. फाडलं असेल असं वाटलं होतं मला."

"तुम्हालाही जायचं होतं?"

"आई आजारी होती." सरांचा आवाज अगदी साधा होता, चहात साखर कमी आहे असं सांगावं तसा. "मोठे सर म्हणाले, शब्द मिळू दे, मग बघू. चार महिने शोधला आम्ही. मी तर मन लावून शोधला, मूर्खासारखा! मग तार आली. त्यानंतर शोधायचं काही राहिलं नाही."

बाईंना रडू आलं आणि त्याच वेळी संतापही आला, इतका की त्या उभ्याच राहिल्या. "मग सर, सगळं माहीत असून तुम्ही मला... तीनदा? आणि थोरल्या बाईंना?"

"हो."

"का?"

"तुला जाता आलं असतं, तर मलाही आलं असतं," सर म्हणाले. "हे कसं मान्य करू? या वयात?"

घड्याळात पावणेचार झाले होते, गाडी सहाची. बाईंनी पहिल्यांदाच त्या माणसाकडे नुसतं पाहिलं, शिष्येसारखं नाही. एक म्हातारा, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलेलं. आज सकाळी ते नीट करायचं त्या विसरल्या होत्या.

"कार्ड घे," सर म्हणाले. "माझं. पेन आहे?"

"आहे."

"लिही. लिकेत."

बाईंनी लिहिलं नाही. लिकेत म्हणजे परवानगी आहे. पहिल्या वर्षाचा शब्द, लहान मुलालाही येईल असा. "सर, एवढंच? मोकळं करण्याचं काय?"

"ते नकोच. दार उघडंच होतं. कुणीतरी 'जा' म्हणायला हवं होतं, बास. लिही, लिकेत." बाईंनी कोऱ्या जागेत तो शब्द लिहिला. मग मान टायपिस्टकडे वळवून सर ओरडले, "आणि तू काय ऐकत बसलीस? हिचं पत्र टाईप कर, गाडी आहे ना हिची!"

टायपिस्टनं असा काही कागद चढवला की मशीन हादरलं. पत्र झालं. बाईंनी सरांचं बोट धरून सहीच्या जागी टेकवलं.

"हे पत्रच आहे ना?" सरांनी विचारलं. "नाहीतर कार्डावर सही करून बसेन. आमचा काय भरवसा!"

"पत्रच आहे, सर."

त्यांनी सही केली. वाकडी, ओळीखाली घसरलेली. बाईंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला, शर्टाचं बटण नीट केलं आणि पर्स उचलली. दाराशी पोचल्या तशी मागून हाक आली.

"टाचणी."

"ओ."

"ते माझं कार्ड घेऊन जा बरोबर. ते तरी बाहेर पडू दे."

बाईंनी भिंतीवरच्या दुसऱ्या नियमाकडे पाहिलं. मग ते पिवळं कार्ड पर्समध्ये, तिकिटाशेजारी ठेवलं. बावीस पायऱ्या त्या एकट्याच उतरल्या. रिकामा हात कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

खाली वॉचमननं रोजच्यासारखी पर्स उघडायला लावली. कार्ड दिसताच त्याच्या भुवया चढल्या. तीस वर्षांत त्याच्या हातून एक कार्ड सुटलं नव्हतं. "टाचणीबाई, हे काय? तुम्हीसुद्धा?"

"राजीनामा आहे तो."

"तुमचा?"

"माझा वेगळा आहे. हा सरांचा."

वॉचमननं कार्ड उजेडात धरलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, लॅटिन तर नाहीच. पण सरांचं अक्षर हजेरीबुकात त्यानं वर्षानुवर्षं बघितलं होतं, आणि कार्डाचा पिवळा पडलेला रंगही त्याला कळला. खालचा एकच शब्द ताजा होता, गडद शाईतला. त्यानं वर जिन्याकडे पाहिलं, कार्ड जपून परत पर्समध्ये ठेवलं आणि दार उघडून धरलं.

"मंजूर झाला म्हणायचा एकदाचा," तो म्हणाला. "जा तुम्ही. सरांना आज मी उतरवतो."