आडव्या रेघेला जागा नव्हती

फांद्या आखणाऱ्यांनो, एका गोलाला एकच बाप, हा नियम तुम्ही कुणाला विचारून केलात?

मी माइंड मॅप बोलतोय, विचारांचा नकाशा. कोल्हापुरातल्या एका ऑनलाइन प्रोग्रॅमिंग वर्गात माझा जन्म झाला. मधे एक गोल, त्याला फांद्या, फांद्यांना धड्यांचे गोल. प्रत्येक विद्यार्थ्याला माझी एक प्रत. धडा आला की गोल हिरवा. वरचा हिरवा झाल्याशिवाय खालचा उघडत नाही. मुदतीत सगळे हिरवे झाले, तरच कंपनीत प्रशिक्षणाची जागा.

मी शिरोळकडच्या प्रेरणाच्या वाट्याला आलो. गोठ्याच्या कट्ट्यावर बसून ती मला फोनवर उघडायची. ती 'अटी' या धड्यापर्यंत पोचली आणि कृष्णेचं पाणी चढू लागलं. आता तिला गल्लीला मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम हवा होता. तो धडा माझ्यात फार खाली, कुलपात. ती थांबली नाही. मामेभावाच्या जुन्या पुस्तकातून शिकली. बंधाऱ्यावरच्या पाणी मोजायच्या पट्टीचा आकडा टाकायचा. पाणी खुणेच्या वर गेलं की चाळीस घरांना मेसेज.

तो प्रोग्रॅम तिने माझ्याकडे दिला. मी ठेवू कुठे? मधले गोल अजून करडे होते. लाल शेरा मारून मी तो परत केला. तिने शिकवणाऱ्या सम्राट सरांना फोन लावला.

"सर, माझा प्रोग्रॅम चालतोय की."

"चालतोय गं. पर नकाशात त्याला जागा न्हाय. मधलं गोल कर आधी."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी गल्लीत शिरलं. नऊ दिवस वीज नव्हती. माझ्या पोटात आणखी एक नियम आहे: सात दिवस कुणी आलं नाही, तर शिकलेलंही विसरलं असं धरायचं. तिचे हिरवे गोल मी एकेक करून करडे केले. इकडे ती पूरग्रस्तांच्या छावणीत, शाळेच्या फळ्यावर, मला आठवून काढत होती. 'अटी'पासून थेट मेसेजच्या धड्यापर्यंत तिने एक आडवी रेघ ओढली. तशी रेघ ओढायची सोयच माझ्यात ठेवलेली नाही.

दहाव्या दिवशी तिने मला उघडलं. मुदत संपली होती. मी 'अपात्र' दाखवलं.

आता मी बंद खात्यांत पडून आहे. नव्या तुकडीला माझीच प्रत दिली आहे, तेच नियम, तीच कुलपं. एवढंच करा, एका गोलाकडे दोन वाटांनी येऊ द्या.

त्या दिवशी छावणीत शेजारची बाळाबाई फोनमध्ये डोकावली होती. आपण नापास झालो, असं प्रेरणानं तिला सांगितलं.

"तुझा मेसेज आला म्हणून म्या म्हशींची दावी सोडली," बाळाबाई म्हणाली. "तवा कुठं हुता गं ह्यो तुझा नकाशा?"