बिनभोकाची कुंडी

मित्रांनो, मी एक लॉरेलचे झाड आहे. अजून जुना झालेलो नाही. मला जुने होऊ द्यावे, असे या घरात फारसे कोणाच्या मनात नव्हते.

तमालपत्राचा मी दूरचा, परदेशी नातलग. नागपूरच्या रोपवाटिकेने मला ‘विलायती तेजपान’ म्हणून विकले. ब्रह्मपुरीच्या बसमध्ये, मला विकत घेणाऱ्या रंजीताच्या मांडीवर बसून मी वाटेतले साग, मोह, ऐन पाहिले. कोणाचीही परवानगी न मागता ते उभे होते. मला वाटले, झाडांच्या मुलखात आलो.

मुक्काम मात्र दिवाणखान्यात पडला. रंजीताच्या नवऱ्याने, प्रवीणने, माझ्यासाठी चकाकती निळी कुंडी आणली. तिच्या तळाला भोक नव्हते. नवी फरशी डागाळू नये म्हणून मुद्दाम तशी निवडलेली! पाहुणे ‘वा!’ म्हणत, माझे पान खुडत, चुरगळून हुंगत आणि सोफ्यामागे टाकत. स्तुतीची ही कसली रीत?

उन्हाळ्यात पडदे मिटले. कूलरच्या वाऱ्याने वरची माती सुके आणि प्रवीणच्या आई, रुखमाबाई, तांब्या घेऊन येत. गुडघ्यांमुळे त्यांची मूल गावाजवळची धानशेती सुटली होती, हातांची सवय सुटली नव्हती. मी जणू धानाची बांधी, भाताचे खाचरच, अशा मायेने त्यांनी कुंडीच्या कडेने मातीचा बांध घातला आणि रोज पाणी तुंबवले. वर तहान दिसत होती, खाली मी बुडत होतो. कोरड्या, स्वच्छ, पुसलेल्या फरशीवर बुडत होतो! मुळे काळवंडली. पाने पिवळी होऊन गळू लागली.

“फेक आता हे,” प्रवीण म्हणाला. “प्लास्टिकचं आनू. मरत तरी नाई.”

रंजीताने कुंडी कलती केली आणि कुजका वास घरभर पसरला.

“आई, याले रोज पानी कोन टाकते?”

“म्याच टाकलं. बिनपान्यानं जगते का कोनी?”

“पन खाली भोकच नाई! पानी जाईन कुठी?”

रुखमाबाई मुलाकडे वळल्या. “काऊन रे प्रवीण? झाडाले पाजाचं, पन मुताले जागा नाई ठेवाची?”

रंजीताला हसू फुटले. मग तिने वरवंटा आणला आणि ती निळी शोभा फोडली. काळे पाणी फरशीभर धावले. प्रवीण फडके घेऊन धावला.

“वाहू दे त्याले पहिले,” ती म्हणाली.

तिने सडलेली मुळे छाटली, मला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावले आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवले. रुखमाबाई आता आधी मातीत बोट खुपसतात. तांब्या मात्र दुसऱ्या हातात तयारच असतो.

मी माफ केले का? अजून नाही. एक कोवळे पान फुटले आहे, एवढेच. फरशीवरचा डाग प्रवीण अजून घासतो आहे.

मित्रांनो, झाड घरात आणाल, तर त्याचा डागही घरात घ्या. तेवढी जागा मनात नसेल, तर आम्हाला बसच्या खिडकीबाहेरच उभे राहू द्या.