आजचा सुविचार: पाणी उकळून प्यावे

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर छप्पन्न घरं आहेत आणि लिहायची परवानगी एकाला होती. गेल्या गणपतीत पार्किंगवरून भांडण झालं, कोणीतरी कोणाच्या स्कूटरबद्दल काहीतरी बोललं, आणि आमचे सेक्रेटरी श्यामसुंदरकाका पेडणेकर यांनी 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे बटण दाबलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. रुचिरा दुपारी झोपलेली असताना फोन वाजायचा बंद झाला. तेव्हापासून काका लिहायचे आणि आम्ही खाली अंगठा द्यायचो.

रुचिरा माझी मुलगी, दीड वर्षाची. जानेवारीत एका सोमवारी तिला जुलाब सुरू झाले. मी आठवून आठवून यादी केली: केळं, पार्ल्याच्या मावशीने दिलेलं बिस्किट, जमिनीवर पडलेला आणि मी नुसता फुंकून परत वापरलेला चमचा. चमच्यावर माझा जास्त संशय होता. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "काय दिलंस तिला?" माझा नवरा सुयोग साकीनाक्याला कामावर जाताना म्हणाला, "दात येत असतील गं." मी एका वहीत प्रत्येक लंगोटाची वेळ आणि रंग लिहायला लागले. सुयोगने वही उघडून पाहिली आणि चटकन मिटली.

तिसऱ्या दिवशी रुचिराचं रडणं बंद झालं. एरवी ही पोर रडली की दिंडोशी बस डेपोपर्यंत ऐकू जाईल. आता नुसती माझ्याकडे बघत पडायची. मी तिला उचलून डॉक्टरांकडे पळाले.

"पाणी कुठलं देता?" डॉक्टर म्हणाले.

"फिल्टरचं."

"उकळा. हे मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने देत राहा. अजून एक दिवस असंच राहिलं तर अ‍ॅडमिट करावं लागेल. आणि बिल्डिंगमध्ये विचारा, अजून कोणाला होतंय का."

विचारा म्हणणं सोपं आहे. परतताना लिफ्टमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरची, पाचशे दोनमधली चेतना भेटली. तिच्या हातात चार शहाळी होती.

"तुमच्याकडे सगळे ठीक ना?" मी विचारलं.

"एकदम झकास. का गं?"

"सहजच."

मग लिफ्टमध्ये आम्ही दोघी, सगळेच बघतात तसं, मजल्यांचे आकडे बघत राहिलो.

घरी येऊन मी काकांना वेगळा मेसेज केला: "काका, पाण्याला वास येतोय का? रुचिराला तीन दिवस जुलाब आहेत." त्यांनी जोडलेले हात पाठवले. दहा मिनिटांनी ग्रुपवर आलं: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की टाकीची सफाई वेळापत्रकानुसार झालेली आहे. अफवा पसरवू नयेत. रविवारी आदर्श सोसायटी स्पर्धेचे परीक्षक येत आहेत. जिन्यात चपला ठेवू नयेत."

संध्याकाळपर्यंत एक्कावन्न अंगठे पडले. त्यातला एक माझा होता. सवयीने दिला गेला. मग ते एक्कावन्न अंगठे बघून माझी खात्री पटली की बिल्डिंगमध्ये सगळं छान आहे आणि चूक माझ्याच घरात आहे. मी बाटली धुवायचा नवा ब्रश आणला.

गुरुवारी मात्र राहवेना. रुचिराला कडेवर घेऊन मी तीनशे दोनमध्ये काकांकडे गेले. काका वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. माझ्या बाळंतपणाच्या वेळी रिक्षा मिळेना तेव्हा बनियनवर स्वेटर चढवून यांनीच मला जोगेश्वरीच्या हॉस्पिटलात पोचवलं होतं.

"हे बघ ऋतिका," ते म्हणाले, "एकाही सभासदाची तक्रार नाही."

"तक्रार करायची कुठे काका?"

"ग्रुप आहे ना."

"ग्रुपवर फक्त तुम्ही लिहिता."

"म्हणूनच शांतता आहे. मला कोणाचं तोंड बंद करायचं नाहीये गं. पण तू एकदा वास येतो म्हणालीस की उद्या छप्पन्न घरांना वास येणार. लोकांचं नाकच तसं असतं. रविवार होऊ दे, मग बघू."

आतून रत्नप्रभाकाकू आल्या. "चेडू बरा आसा मां गो?" त्यांनी मालवणीत पोरीची चौकशी करत रुचिराचा गाल चाचपला, काकांकडे पाहिलं आणि परत आत गेल्या. स्वयंपाकघरात गॅसवर मोठं पातेलं खदखदत होतं. आज भात बराच लावलाय, असं मला वाटलं.

आता फळ्याबद्दल. लिफ्टशेजारी एक काळा फळा आहे आणि त्यावर रोज सकाळी आमचे भाऊराव सर सुविचार लिहितात. सर महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण फळा सुटला नाही. सुविचार त्यांचे स्वतःचे असतात. उदाहरणार्थ, "नम्र माणूस लिफ्टमध्ये इतरांना आधी जाऊ देतो." त्या आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि माझं अक्षर बरं असल्याने पंधरा दिवसांचं काम माझ्याकडे आलं होतं. सरांनी डायरी दिली होती, त्यातून क्रमाने उतरवायचं. सुविचाराला कमिटीची मंजुरी लागत नसे, कारण तो कोणी वाचत नसे.

शुक्रवारच्या पानावर वेळेच्या महत्त्वाविषयी काहीतरी होतं. मी लिहिलं:

"पाणी उकळून प्यावे."

आणि खाली बारीक अक्षरात: "६०२. मुलगी, दीड वर्ष. जुलाब, पाचवा दिवस."

रुचिरा खांद्यावर होती, त्यामुळे खडू तिथेच फळ्याखाली राहिला.

दहा वाजता काकांचा फोन. "ऋतिका, हा सुविचार आहे?"

"हो काका."

"यात विचार कुठे आहे?"

"पाणी उकळावं, हा."

"आणि खाली ते काय लिहिलंयस?"

"उदाहरण."

"खाली ये आणि पूस. परवा परीक्षक येणार आहेत."

"फळा सरांचा आहे. सरांना विचारा."

रुचिराला भरवून मी तासाभराने खाली गेले तेव्हा काका फळ्याला पाठ करून डस्टर घेऊन उभे होते. सरही आले होते, डोळ्याला काळा चष्मा, एक हात भिंतीवर. आजूबाजूला सात-आठ जणं काही कामच नसल्यासारखी उभी होती.

"सर, हिने फळ्यावर काय लिहिलंय ते बघा," काका म्हणाले.

"मला दिसत नाही रे. वाच गं पोरी. मोठ्याने वाच."

मी वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी माझ्या होत्या. त्याखाली दुसऱ्या अक्षरांत बरंच काही होतं.

"चारशे एक. आई, आठवडा. दोनशे तीन. दोन्ही मुलं. एकशे पाच. सगळेच, आम्हाला वाटलं पाणीपुरी बाधली. पाचशे दोन. सासरे, सहा दिवस."

पाचशे दोन वाचताना मी मागे पाहिलं. चेतना आकडे बघत होती. लिफ्ट तळमजल्यावरच उभी होती.

असं करत एकवीस घरं झाली. शेवटची ओळ अगदी तळाला, तिरक्या अक्षरात होती.

"तीनशे दोन. नातू, चार दिवस. पाणी मी उकळते. यांना सांगितले नाही, स्पर्धेचे टेन्शन आहे म्हणून."

"तीनशे दोन म्हणजे कोण?" सरांनी विचारलं.

"मी," काका म्हणाले.

कोणी हसलं नाही. काकांनी फळ्याकडे पाहिलं, डस्टरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही." ते अगदी खरं होतं. सेक्रेटरीला बिल्डिंगमधलं सगळं कळावं, याची सोय त्यांनी स्वतःच बंद केली होती. पार्किंगचा आवाज नको म्हणून जी खिडकी लावून घेतली, तिच्याच बाहेर त्यांची बायकोही उभी होती.

"श्यामसुंदर," सर म्हणाले, "डस्टर इकडे दे. नाहीतर शर्टाला लागेल."

दुपारी खालची टाकी उघडली. शेजारच्या गटाराचं चेंबर फुटलं होतं आणि तिथून टाकीत बारीक धार लागली होती. काका स्वतः बॅटरी घेऊन वाकून बघत होते. रविवारी परीक्षक आले तेव्हा टाकी उघडी, गेटात टँकर, आणि फळा भरलेला. त्यांनी फळा पूर्ण वाचला. एकाने फोटोही काढला. आम्हाला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.

मला मात्र त्या एकवीस घरांचंच वाटत राहिलं. तिथेही कोणीतरी आपलाच चमचा, आपलंच केळं, आपलीच पाणीपुरी शोधत बसलं होतं. आणि त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी अंगठा दिलाच असणार.

सोमवारी काकांनी ग्रुप सगळ्यांना मोकळा केला. पहिल्या तासात तीन शुभ सकाळ, हळदीच्या पाण्याचे बारा फायदे, आणि स्कूटरचं जुनं भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. पुढच्या गुरुवारी दुपारी चेतनाने लिहिलं: "६०२ मधलं बाळ रोज दोन ते चार रडतं. आईने लक्ष द्यावं. काही लोकांना घरून काम असतं." अकरा अंगठे.

माझं डोकंच फिरलं. मी काकांना वेगळा मेसेज टाकला: "काका, हा मेसेज डिलीट करता येतो का?"

लगेच उत्तर आलं: "येतो. करू?"

पलीकडे रुचिरा खिमट नको म्हणून वाटी ढकलत होती आणि भोकाड पसरून रडत होती. डेपोपर्यंत जाईल असं.

"नको," मी लिहिलं.

मग ग्रुपवर लिहिलं: "हो, रडते. आवाज परत आलाय. दोन ते चार खिडकी बंद ठेवीन. आता चालेल का?"

चेतनाने अंगठा दिला. मी हल्ली अंगठ्यांवर विश्वास ठेवत नाही. रुचिराला कडेवर घेतलं, एक मजला उतरले, पाचशे दोनची बेल वाजवली आणि तेच समोर विचारून आले.