रिकाम्या खुर्चीसमोर

धाकटीच्या पदरात पडण्यासारखं बरंच होतं: कायमची नोकरी, खिडकीजवळचं टेबल आणि ‘अजून कंत्राटावरच का?’ विचारणाऱ्या थोरल्या बहिणीचं तोंड बंद. जाण्यासारखं मात्र तिच्याकडे काही दिसत नव्हतं. म्हणूनच ती बेसावध राहिली.

कलासंग्रहालयाच्या शिक्षण विभागात ती कंत्राटावर होती. शाळांच्या सहली फिरवायच्या, आणि ज्यांना त्या इमारतीची पायरी चढायलाच संकोच वाटतो अशांना आजूबाजूच्या वस्तीतून आत आणायचं, हे तिचं काम. आलेल्यांना ती एका चित्रासमोर घडीच्या स्टुलांवर बसवायची, चित्राशेजारची माहितीची पाटी कागदाने झाकायची आणि विचारायची, “काय दिसतंय?” हात वर करून बोलायचं, आणि कुठलंही उत्तर चूक नाही.

यंदा संचालक स्वतः एक बैठक बघणार होते; नोकरीचं त्यावरच ठरणार होतं. पाहुण्या होत्या मागच्या गल्लीतल्या शिवणवर्गाच्या बायका. गल्लीत ज्या एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, त्याच गुळगुळीत फरशीवर पाय पडला की मुक्या होतात, हे धाकटीला ठाऊक होतं. तेव्हा तिने त्यांच्यात एक बोलकं माणूस पेरायचं ठरवलं. स्वतःची आई.

दर रविवारी संध्याकाळी धाकटी आईकडे जेवायला जायची. म्हणजे, येते म्हणायची. त्या रविवारी मात्र खरंच गेली, आणि जिथे कुठलंच उत्तर चूक नाही तिथलं बरोबर उत्तर आईकडून घोकून घ्यायला बसली.

“उजेड डावीकडून येतोय, म्हणून बाईचा अर्धा चेहरा अंधारात आहे. म्हण.”

“अगं, मग उठून दिवा लावायला काय होतं तिला?”

“आई!”

“बरं बरं. डावीकडून. माझ्या डावीकडून की तिच्या?”

“तुझ्या. आणि तिथे ओळख दाखवायची नाही हं. मला ताई म्हणायचं.”

“पोटच्या पोरीला ताई?”

“नोकरी पक्की होईपर्यंत गं.”

आईने आणखी थोडी भाजी वाढली. पोरगी खरंच जेवायला आली होती; तेवढ्यासाठी ती तिला आत्यासुद्धा म्हणाली असती.

बैठकीच्या दिवशी संचालक हात मागे बांधून दाराशी उभे राहिले. चित्रात जेवणाचं टेबल होतं, एका बाजूला बाई, समोर रिकामी खुर्ची आणि झाकलेलं ताट. “काय दिसतंय?” धाकटीने विचारलं. शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईंना स्वतःच्या चपला दिसत होत्या. बाकीच्यांना तेवढंही नाही. संचालक खाकरले. धाकटीने आईकडे पाहिलं.

आईने हात वर केला. “ताई, उजेड डावीकडून येतोय,” ती म्हणाली आणि अडखळली. नजर ताटावर गेली होती. “हिने झाकून ठेवलंय बघा. येते म्हणाली असेल पोरगी. आता ही दोनदा गरम करील, मग एकटीच जेवील, आणि फोन आला की म्हणेल, छे गं, मला तरी कुठे भूक होती.”

“चित्रात फोन कुठाय?” शिवणवर्गाच्या बाईंनी हात वर न करताच विचारलं.

“नसू दे. दिसतंय ते सांगायचं ना?”

“पोरगी कसली, नवरा असेल,” मागून एकीने म्हटलं.

“नवऱ्यासाठी कोण एवढं झाकून ठेवतंय!”

मग कुणाला आवरता आलं नाही. एकीच्या मते बाई रुसली होती, मानेवरूनच कळतं म्हणे. दुसरीला तिच्या झग्याची शिवण सैल वाटली. संचालक मोठ्याने हसले. आईचं उत्तर चूक आहे असं म्हणायची सोय धाकटीला तिच्याच नियमाने ठेवली नव्हती.

“त्या पहिल्या बाई कुठे सापडल्या तुम्हाला?” संचालकांनी नंतर विचारलं.

आई दोन हातांवर होती. खरं सांगायला तेवढी एकच संधी होती.

“वस्तीतल्याच आहेत,” धाकटी म्हणाली.

आईने ते ऐकलं आणि आपलं स्टूल नीट घडी घालून भिंतीला टेकवलं.

नोकरी पक्की झाली. संचालक इतके खूश की हीच बैठक त्यांनी कायमची लावून टाकली, कामकरी लोकांना सवड असते तेव्हा: दर रविवारी संध्याकाळी. “आणि त्या बाईंना जरूर बोलवा,” ते म्हणाले. धाकटीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि “हो सर” म्हणून मिटलं.

आई न चुकता येते. डबा दारावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवते, कारण दालनात खाणं चालत नाही, आणि कडेच्या स्टुलावर बसते.

संचालकांना गर्दी मिळाली, शिवणवर्गाला हक्काची करमणूक. धाकटीला खिडकीजवळचं टेबल मिळालं, थोरलीही गप्प झाली. या सगळ्याची किंमत भरली आईने. लेकीशी बोलायला तिला आता हात वर करावा लागतो, आणि लेक दुसऱ्या कुणाचं ऐकत असली तर तो तसाच धरून ठेवावा लागतो.