पहिली ओळ

मंदारनं चौथ्यांदा एंटर दाबलं. कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत ओळी भराभर वर सरकल्या आणि शेवटी नेहमीसारखं ‘झालं’ उमटलं. झालं म्हणे! परवाही हेच म्हणाला होता, आणि साळूबाईंच्या घरी पाण्याचा थेंब पोचला नव्हता.

मुकुंदवाडीच्या मागं नव्यानं वसलेल्या त्या वसाहतीत एकतीस घरं होती आणि नळ एकालाही नव्हता. सलग तिसरं वर्ष कोरडं चाललेलं. एक दिवसाआड टँकर यायचा, घरोघरचे ड्रम भरत जायचा. फाटकाला कुलूप दिसलं की चालक बन्सी थांबत नसे, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर नंबर आणि वेळ जायची. ते काम मंदारच्या कॉम्प्युटरवरून व्हायचं. यादीत आज पहिला असलेल्याला पुढच्या खेपेला शेवटी टाकायचं आणि ‘पाणी’ ही कमांड द्यायची, बाकीचं प्रोग्रॅम बघायचा. बरेच दिवस बिनतक्रार चाललं. गेल्या दोन महिन्यांत मात्र तीन घरांना निरोपच गेला नाही, आणि दर वेळी घर वेगळं.

“रविवारी बैठकीत ठरवू,” वसाहतीचे अध्यक्ष सर्जेराव म्हणाले होते. “राजकुमारचाच प्रोग्रॅम हाय. त्यालाच देऊन टाकू काम. चिकलठाण्यात बसून बी करील तो.”

राजकुमारचा प्रोग्रॅम! मंदारच्या अंगाचा तिळपापड झाला होता. लिहिला त्यानं, कबूल. डिप्लोमाला दोघं एका बाकावर बसायचे, आणि प्रोग्रॅम दोन वर्षांपूर्वीचा, तो इथंच शेजारी राहायचा तेव्हाचा. पुढं त्याला मोठी नोकरी लागली, चिकलठाण्याला फ्लॅट झाला, गेला. तापानं फणफणत असताना, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीआधी, मेहुणीच्या लग्नातून मध्येच उठून येऊन ही कमांड दर खेपेला कोण देत होतं? राबायचं मंदारनं आणि नाव राजकुमारचं.

बाहेर मोटरसायकल थांबली.

“मीच बोलावलं त्यांना,” त्याची बायको वैदेही स्वयंपाकघरातून म्हणाली. “साळूबाई कालपासून शेजारून हंडे आणतायत. तुमचं आपलं बघतो, बघतो चाललंय.”

राजकुमार आत आला, बूट काढून थेट खुर्ची ओढून बसला. तब्येत सुधारली होती त्याची. मंदारला तेही खुपलं.

“काय बदललं का रे मधी?”

“काहीच नाही,” मंदार म्हणाला.

तसं बघितलं तर खोटंही नव्हतं ते. प्रोग्रॅमला त्यानं बोटही लावलं नव्हतं. यादीच्या अगदी वर ‘बनवणारा : राजकुमार’ अशी एक ओळ होती, तेवढी त्यानं पुसली होती. सर्जेरावांनी दोनेक महिन्यांपूर्वी पडद्यावर त्या नावावर बोट टेकवून “पोरगं लई हुशार” म्हटलं, त्याच संध्याकाळी. आता शोभेच्या एका ओळीनं कुणाचं पाणी थोडंच अडतं?

“ज्यांना निरोप गेला नाय, ते कोणकोण?”

मंदारनं तीन नावं सांगितली.

“त्या त्या दिवशी त्यांचा नंबर कितवा होता?”

मंदारनं वही उघडली. साळूबाई, पहिला. त्याआधीचे मोतीराम, पहिला. तिसरं नाव वाचायच्या आधीच त्याची कानशिलं तापली.

“पहिलाच,” तो म्हणाला.

“म्हंजे दर खेपेला पहिलाच गळतोय. घरी असतात ते टँकर बघून बाहेर येतात, बोंब मारत नाय. कामावर गेलेलेच सापडतात.” राजकुमारनं यादी उघडली. वरती बघितलं. हात माऊसवर तसाच राहिला. त्याच्या प्रोग्रॅमला पहिली ओळ मथळ्याची समजून सोडून द्यायला शिकवलेलं होतं. मथळाच नाही म्हटल्यावर तो निमूटपणे पहिलं घर सोडत होता.

मंदार खिडकीबाहेर बघत राहिला. आता बोलेल, आता बोलेल. बोलावं त्यानं, शिव्या घालाव्यात, म्हणजे आपल्यालाही दोन सुनावता येतील, असं त्याला फार वाटत होतं.

राजकुमारनं कीबोर्ड पुढं ओढला, सगळ्यात वर ‘नाव, फोन’ एवढंच लिहिलं आणि कमांड दिली.

वैदेही चहा घेऊन आली. “सापडलं का?”

“सापडलं वहिनी. चूक माझीच. पहिली ओळ लागते हे मी याला सांगितलंच नव्हतं.” बशीत ओतून त्यानं चहा संपवला. “सर्जेरावांना बी तसंच सांगतो. मंदारच बघील हे काम. मला कुठं जमतंय?”

“बघा,” वैदेही मंदारकडे वळून म्हणाली, “याला म्हणतात माणूस.”

इतका राग मंदारला राजकुमारचा आजवर कधी आला नव्हता. काम हातात राहिलं होतं, अब्रू राहिली होती, आणि दोन्ही त्यानंच उचलून दिल्यासारखी.

मंदार त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. राजकुमारनं गाडीला किल्ली लावली.

“तुला कळलंय ना?” मंदार हळूच म्हणाला.

“कळलं.”

“मग तिला का नाही सांगितलंस? तुझं नाव मी पुसलं हे?”

राजकुमार गाडीवर बसला.

“मी कुठं लिहिलं होतं ते? मी तर नुसतं ‘यादी’ लिहून दिलेलं. पहिल्यांदा सगळ्यांचे फोन वाजले ना, त्या दिवशी तूच मला उठवून खुर्चीत बसलास. म्हणलास, थांब, तुझं नाव पाहिजे वर.” त्यानं गाडी सुरू केली. “विसरलास व्हय?”

गाडी कोपऱ्यावरून वळली. मंदारला आठवेना. मग आठवलं, आणि तो फाटक धरून तिथंच उभा राहिला.