चुंबक चिकटलं नाही

साहेब, तुम्ही खोट्या कागदावर सही केलीत. चुकून केलीत असं मी म्हणणार नाही, कारण चुकून सही करणाऱ्याची सही एवढी वळणदार येत नाही. ‘गाडी कोरी आहे, कुठेही धक्का लागलेला नाही, सर्व बाजूंनी तपासली’ असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली तुमचा गोल शिक्का होता. त्या कागदापायी मी आज तुमच्याच कचेरीच्या लोखंडी कपाटात पडले आहे. माझ्या गळ्यात सुतळीनं चिठ्ठी अडकवली आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, ‘रंग जाळणारं यंत्र’.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. राग तुमच्यावर नाही. मी एक जुनी पॉलिश मशीन आहे. गाड्यांच्या रंगावरचे बारीक ओरखडे घालवून त्यांना आरशासारखं करायचं, हे माझं काम. एवढं ऐकून ठेवा, मग कोण दोषी ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कुणी माझी मोटर बसवली, कुणी तार जोडली, आणि चष्मेवाल्या एका बाईनं मला कानाशी धरून माझा आवाज ऐकला. “ही घरघरत नाही, गुणगुणते,” ती म्हणाली आणि मला खोक्यात घातलं. माझं पहिलं कौतुक तेच.

मग मी दुकानाच्या फळीवर बसले. शेजारी माझा थोरला भाऊ होता, वजनदार आणि दांडगा. तो एकाच दिशेनं गरगर फिरायचा. मी गोल फिरते आणि फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही, रंग भाजत नाही. पण गिऱ्हाइकं यायची ती थोरल्याकडेच बघायची. जोर दिसतो ना! मऊपणा दिसत नाही.

एके दिवशी ताई आली. गाड्या चमकवायचं छोटं काम तिनं नुकतंच सुरू केलं होतं. सोबत तिचे बाबा होते. जन्मभर त्यांनी गाड्यांना रंग मारला होता. आता हात थरथरायचे म्हणून पिचकारी सुटली होती, जीभ मात्र सुटली नव्हती.

“ही न्या,” दुकानदारानं थोरल्याला थोपटलं. “पैलवान आहे पैलवान. दोन हात मारले की ओरखडा गायब.”

“आणि तिसऱ्या हाताला रंग गायब,” बाबा म्हणाले. “आम्हाला पैलवान नको. दाई पाहिजे.”

ताईनं मला उचललं. वजन बघितलं, मनगट वाकवून बघितलं, चालू करायला लावलं आणि फिरत्या पॅडवर अंगठा दाबला. मी थांबले. थोरला थांबला नसता, त्यानं सालपट काढलं असतं.

“ही दाबली की थांबते बाबा. हिला कळतं.”

“तिला नाही कळत. तुला कळायला वेळ देते. घे.”

मग दुकानदारानं बाटल्या मांडल्या. सात बाटल्या! एक चमकेसाठी, एक जास्त चमकेसाठी, एक त्या चमकेवरच्या चमकेसाठी. ताईनं तीनच घेतल्या: ओरखडे कापणारं खरखरीत कंपाऊंड, त्यानंतरचं बारीक पॉलिश आणि शेवटी पाणी झटकणारं मेण. पॅड दोन घेतले, काळा मऊ आणि पिवळा कडक. निघताना बाबांनी आणखी एक छोटं यंत्र उचललं, रंगाची जाडी मोजायचं. दुकानदार हसला. “पॉलिश करणाऱ्याला मोजायला काय लागतं?”

“शिंपी कापायच्या आधी मोजतो,” बाबा म्हणाले, “तुम्ही कापल्यावर मोजता वाटतं?”

त्यांच्या शेडमध्ये नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण रोज ऐकू यायचा. आधी मोज, मग पूस, मग घास. आणि घासायचं तर मऊनं सुरुवात. मऊनं भागत असेल तर खरखरीत लावायचंच नाही. ताई प्रत्येक गाडीवर वीस-पंचवीस ठिकाणी ते यंत्र टेकवायची. कारखान्याचा रंग असला की आकडा शंभराच्या आसपास यायचा. कमी आला तर ती गिऱ्हाइकाला सांगायची, “हिचा रंग थकलाय. मी नुसतं मेण लावते. घासणार नाही.” कित्येक जण रागावून निघून जायचे. जाऊ देत, म्हणायची.

सहा वर्षं मी तिच्या हातात राहिले. माझी तार दोनदा बदलली, मोटरला वीज पोचवणारे आतले कोळसे चारदा. काम झाल्यावर ती पॅड धुऊन सावलीत वाळवायची आणि माझी मान पुसायची. लोक बॉनेटमध्ये बघून केस विंचरायचे. एका म्हाताऱ्यानं तर स्वतःचं तोंड बघून विचारलं होतं, “हा कोण?” सहा वर्षांत एकाही गाडीला माझ्यामुळे डाग लागला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, साहेब. लिहून घ्या म्हणून सांगते.

मग नर्सबाई आल्या.

रुग्णालयातून परस्पर आल्या होत्या, गळ्यात ओळखपत्र तसंच. गाडी निळी, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली. सोबत सात वर्षांची लेक. घरी तिला भिंगरी म्हणायचे, आणि दोन मिनिटांत आम्हाला का ते कळलं.

“हिच्या दप्तराचं बक्कल,” नर्सबाई म्हणाल्या. “रोज डाव्या मागच्या दारातनं चढते आणि रोज इथे ओरबाडते. बघा ना, दाराच्या मागे सगळं खरवडलंय.”

“मी नाही, दप्तरानं केलं,” भिंगरी म्हणाली.

“दप्तराला पाय फुटलेत ना!”

ताईनं खणातून जाडी मोजायचं यंत्र काढलं. तेवढ्यात नर्सबाईंनी गाडीतून एक कागद काढून तिच्यापुढे धरला. “अहो, कोरी आहे गाडी. हा बघा तपासणीचा कागद, शिक्क्यासकट.”

ताईनं शिक्का वाचला. यंत्र खणात परत ठेवलं.

“मोजलंस का गं?” बाबांनी स्टुलावरून विचारलं.

“कोरी आहे बाबा. सरकारी शिक्का आहे.”

“मग असू दे.”

मित्रांनो, आमची चूक ती एवढीच, आणि ती आम्ही लपवलेली नाही. सहा वर्षं डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, हातावर ठेवला नाही. त्या दिवशी शिक्क्यावर ठेवला.

ताईनं काळा पॅड लावला. ओरखडे हलले नाहीत. मग पिवळा पॅड, वाटाण्याएवढे कंपाऊंडचे चार थेंब. पहिला हात, दुसरा हात. तिसऱ्या हाताला माझ्या पॅडवर निळं उतरलं.

चांगल्या रंगावर वरून काचेसारखा पारदर्शक थर असतो. मी त्या थराच्याही वरवरच फिरते. खालचा रंग पॅडवर यायला कितीतरी वेळ रगडावं लागतं. इथे तीन हातांत! ताईनं झटक्यात मला उचललं. जिथे मी फिरले होते तिथे तळहाताएवढा भाग फिकट झाला होता, त्याच्या आत राखाडी, आणि राखाडीच्या मधोमध पिवळट मातकट काहीतरी.

मला वाटलं, मीच केलं.

“बाबा,” ताईनं हाक मारली. “बाबा, मी जाळला रंग.”

बाबा उठले. पुढच्या दारावर त्यांनी बोटाचं पेर आपटलं. टण्. मग त्या डागाशेजारी आपटलं. भद्द. पुन्हा भद्द. त्यांचा थरथरणारा हात थरथरायचा थांबला.

“हा पत्रा नाही,” ते म्हणाले.

ताईनं धावत जाऊन यंत्र आणून टेकवलं. आकडाच येईना, पडद्यावर नुसती रेघ.

भिंगरीच्या कंपासपेटीच्या झाकणाला चुंबक होतं. तिनं ते उपटलं आणि पुढच्या दाराला लावलं. चिकटलं. मागच्या दाराला लावलं. चिकटलं. मग ती जिथे रोज चढते तिथे, डागाच्या बाजूला लावलं. चुंबक खाली पडलं. तिनं उचलून पुन्हा लावलं, हाताच्या पंज्यानं दाबून धरलं. हात काढला, पुन्हा पडलं.

“आई, इथे चिकटत नाही.”

बाबांनी पेचकस घेतला आणि टोक नुसतं टेकवून ढकललं. पुट्टीचा ढलपा पडला, पावासारखा जाड. आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला होता. बाबांनी तो ओढून काढला आणि मागे भोक दिसलं. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा कापलेला पत्रा दोन जागी वेल्डिंगचे टाके मारून जोडला होता. मधली सगळी फट कागद आणि पुट्टीनं भरली होती. भोकातून भिंगरीच्या बसायच्या गादीचं कापड दिसत होतं.

नर्सबाईंनी वाकून बघितलं. अपघातातून आलेली माणसं त्या रोज बघतात. त्या खाली बसल्या, तिथल्या तिथे, ओल्या फरशीवर.

“तीन महिने,” त्या म्हणाल्या. “तीन महिने माझी पोर त्या कागदाच्या बोळ्याला टेकून बसत होती.”

दुसऱ्या दिवशी गाडी विकणाऱ्यांचा माणूस आला. त्याचा टाय इतका घट्ट होता की भिंगरीनं त्याचं नाव टायवाला ठेवलं. त्यानं भोक बघितलं आणि बोट माझ्याकडे केलं. “तुमच्या मशीननं उष्णतेनं पत्रा वितळवलाय.”

“अस्सं?” बाबा म्हणाले. “मग लोहारांनी भट्ट्या कशाला पेटवल्या? ही एक घेऊन बसले असते. आणि हा वर्तमानपत्राचा बोळा? तो काय मशीन ओकली?”

टायवाला म्हणाला, “तपासणीचा कागद आहे आमच्याकडे.”

पुढे नर्सबाईंची तक्रार तुमच्याकडे आली, साहेब, आणि तुम्ही काय जप्त केलंत? ती गाडी नाही, तो ढलपा नाही. मला! गाडी तर टायवाला ‘दुरुस्तीसाठी’ घेऊन गेला. मला पिवळ्या पॅडसकट पिशवीत भरलं. कंपाऊंड पॅडमध्ये वाळून दगड झालंय. मला कुणी पुसलं नाही, एकदाही चालू करून बघितलं नाही. पत्रा वितळवणारं यंत्र म्हणता, मग एखादा पत्रा माझ्याखाली ठेवून तरी बघायचा होता!

कपाटाच्या फटीतून मला सुनावणीची खोली दिसते. पहिल्या दिवशी तुमच्या कारकुनानं ताईला विचारलं, “घासण्याआधी जाडी मोजली होती का?”

“नाही. ती माझी चूक,” ताई म्हणाली. “पण मोजली असती तरी भोक तिथेच असतं. ते मी पाडलेलं नाही.”

कारकुनानं पहिले चार शब्द लिहून घेतले. पुढचं लिहिलं नाही. तेवढ्यावर गावभर झालं, ताईची मशीन गाड्या जाळते. शेडपुढे आता गाडी थांबत नाही, असं ताई बाकावर नर्सबाईंना सांगताना मी ऐकलं. बाबा स्टुलावर बसतात, ताई फरशी धुते. उद्या निकाल विरुद्ध गेला तर शेडला कुलूप.

नर्सबाई दर मंगळवारी येतात. दर मंगळवारी पुढची तारीख घेऊन जातात. भिंगरी बाकावर बसून राहते, आणि मित्रांनो, ती आता भिंगरी राहिलेली नाही. गप्प बसते. मधेच उठते आणि चुंबक लावून बघते, कचेरीच्या दाराला, खुर्चीला, माझ्या कपाटाला. चिकटलं की तिला बरं वाटतं. त्या पातळ लोखंडातून तो टक् आवाज मला ऐकू येतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं अवजार असेल तर त्याला पुसून ठेवा, त्याची तार गुंडाळा, आणि त्यानं काही वाईट दाखवलं तर त्यालाच मारू नका. आणि तुमच्यापुढे कुणी शिक्क्याचा कागद धरला तर कागद वाचा, पण मोजायचं सोडू नका. माझी ताई एकदाच चुकली.

आता साहेब, तुमच्याकडे वळते. आम्ही मोजलं नव्हतं, ते कबूल केलं, तोंडावर केलं. आता तुमची पाळी. त्या डाव्या मागच्या दारामागे तुम्ही नुसतं बोटाचं पेर तरी आपटलं होतं का? होय की नाही? तुमच्याच वहीत तपासणीच्या त्या एका दुपारी, त्याच शाईत, त्याच वळणदार सहीनं एकोणचाळीस गाड्या कोऱ्या ठरल्या आहेत. कारकून परवा मोठ्यानं वाचत होता. एक नर्सबाईंची. उरलेल्या अडतीस आज कुठल्या रस्त्यावर धावताहेत, आणि त्यांच्या मागच्या सीटवर कोण बसलंय?

तारीख नको. उत्तर द्या.