लगाम खाली पडला की

मी डचेस बोलतेय. तबेल्यात दाराजवळची पहिली जागा माझी. फळीवर माझं नाव कोरलेलं आहे आणि ते पुसायची अजून कुणाची छाती झालेली नाही. आमच्याकडे डचेस म्हणजे सरदारीणबाई. जन्मून तास झाला नसेल, ऑस्कर मला कोरडं करायला गेला तर मी मान झटकून बाजूला झाले. तो हसला नि बायकोला म्हणाला, “व्हर्ना, ये, बघ! बाईसाहेबांना हात लावलेला खपत नाही.” तेव्हापासून हे नाव चिकटलं, आणि मी ते मिरवलं.

मिरवण्यासारखं मी केलंही आहे. शेकडो गुरांच्या कळपातून एखादं वासरू वेगळं काढायचं असलं, की ऑस्कर मला ते नुसतं दाखवायचा आणि लगाम सैल सोडायचा. मग ते वासरू आणि मी. ते डावीकडे वळायच्या आत मी डावीकडे हजर. जिल्ह्याच्या जत्रेत मला पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली. ती व्हर्नाबाईंच्या स्वयंपाकघरात टांगलेली आहे. उंदरानं तिचं एक टोक खाल्लं, पण रंग अजून तसाच आहे, असं ऐकते.

पण माझा खरा अभिमान वेगळाच आहे. मोंटानातल्या आमच्या भागात मैलोन् मैल गवत. घोडं बांधायला झाड शोधत बसलात तर दिवस मावळेल. म्हणून स्वार उतरला की लगाम जमिनीवर टाकतो आणि निघून जातो. लगाम खाली पडला की घोड्यानं तिथंच उभं राहायचं, मालक परत येईपर्यंत. बरीचशी घोडी थोडा वेळ सभ्यपणा दाखवतात, मग हळूच गवताच्या मागे लागतात. मी कधी हलले नाही. गारा झेलल्या, गांधीलमाश्या सोसल्या, पण जागा सोडली नाही.

दर शनिवारी ऑस्कर आणि मी टेकडीवर जायचो. पांढऱ्या बुंध्यांच्या झाडांपाशी वाट वळते, तिथं आम्ही वाट सोडून दाट वाळुंजांच्या झाडीपाशी थांबायचो. तो लगाम खाली टाकायचा आणि वाकून आत शिरायचा. बऱ्याच वेळानं बाहेर यायचा तेव्हा कोपरापर्यंत ओला, गुडघ्यांना चिखल. हात पँटला पुसून मला पेपरमिंटची गोळी द्यायचा. आत काय करायचा ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मुळातच तो अबोल. घर, कोंबड्या, वासरं व्हर्नाबाईंची आणि टेकडी त्याची, अशी त्यांची वाटणी होती.

एका हिवाळ्यात तो खोकत झोपला आणि पुन्हा तबेल्यात आला नाही. मला फार वाईट वाटलं. शनिवार आला की मी दाराकडे बघत राहायची.

पुढच्या उन्हाळ्यात खालच्या कुरणातलं टाकं आटायला लागलं. आमची सगळी गुरं त्या टाक्यावर पितात. पाणी टेकडीवरच्या झऱ्याचं, जमिनीखालच्या नळातून येतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. नळ ऑस्करच्या बापानं घातलेला, त्याचं वरचं टोक कुठं आहे ते बापलेकांशिवाय कुणी पाहिलेलं नाही. व्हर्नाबाई आणि नवा गडी ड्वाइट यांनी टाक्यापाशी खणून पाहिलं. नळ धड होता, पण पाण्याची नुसती करंगळीएवढी धार.

त्याच सुमाराला शेजारच्या गस टॉलेफसननं त्याच्या हद्दीत नवी विहीर खोदली होती. मग काय विचारता! कुंपणाशी दोघांची अशी जुंपली की कावळे उडाले.

“गस, तुझ्या विहिरीनं आमचा झरा प्यायला!”

“व्हर्ना, ऑस्करच्या शवपेटीला मी खांदा दिलाय. तुझं पाणी चोरेन मी?”

“खांदा दिलास म्हणून पाण्यावर हक्क मिळत नाही!”

गस टोपी घालून चालता झाला. एवढी वर्षं रविवारी एका टेबलावर जेवणारी माणसं, ती एकमेकांना पाठ दाखवू लागली.

ड्वाइटनं माझ्या पुढ्यात गवत टाकता टाकता व्हर्नाबाईंना विचारलं, “मग व्यापारी येतोय?”

“शुक्रवारी. पाणीच नाही तर गुरं ठेवून करू काय? सगळी देऊन टाकायची.”

“आणि ही म्हातारी?”

व्हर्नाबाईंनी दाराची कडी हातात घेतली. “गुरं नाहीत तर हिचं काय काम,” म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेल्या. व्यापाऱ्याच्या गाडीत चढलेलं म्हातारं घोडं पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही, एवढं आम्हां घोड्यांना कळतं.

त्याच आठवड्यात व्हर्नाबाईंच्या बहिणीची मुलं शहरातून सुट्टीला आली. थोरला लॉवेल, धाकटी नेटी. पाण्याची गोष्ट कानावर पडताच लॉवेलच्या अंगात गुप्तहेर संचारला. कुंपणाजवळ त्याला बुटाचे मोठे ठसे सापडले. दिवसभर त्यांचा माग काढत तो कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पोचला, तर तिथं ड्वाइट अंडी गोळा करत होता.

“पकडलंस बाबा मला,” ड्वाइट म्हणाला. “दोन अंडी कच्चीच खाल्ली. मावशीला सांगू नकोस.”

नेटी हसून हसून लोळली. “मोठा आलाय शोध लावणारा!”

“तू गप गं नेटे. तू तर घोड्यावर चढताना डोळे मिटतेस.”

मग ड्वाइट दोघांना घोड्यावरून टेकडीवर न्यायला निघाला, नि नेटीला माझ्यावर बसवलं. का, तर म्हणे “म्हातारी आहे, पळायची नाही.” निळ्या फितीच्या घोडीबद्दल हे बोलणं! मी कान मागे पाडले, पण पोरीनं डोळे मिटून माझी आयाळ घट्ट धरली होती म्हणून सोडून दिलं.

टेकडीवर पांढऱ्या झाडांपाशी आलो आणि माझे पाय आपोआप वाट सोडून वळले. झाडीपाशी मी उभी राहिले. माझी जागाच ती.

“टाच मार!” ड्वाइट मागून ओरडला. “अडली की टाच मारायची. घोड्याला एकदा जिंकू दिलंस की संपलं. हिला तबेला आठवतोय, आळशी झालीय!”

आमच्याकडे सगळे हेच शिकवतात, आणि अडेल घोड्याच्या बाबतीत ते बरोबरही आहे. नेटीनं बिचारीनं टाच मारली. मी निघाले. वसंतापासून असंच चाललं होतं. ड्वाइट बसला की टाच, व्हर्नाबाई बसल्या की टाच. मला बोलता आलं असतं तर एवढंच म्हटलं असतं, की अहो, उतरा तरी.

गुरुवारी भावंडं एकटीच वर आली. मी पुन्हा वळले, पुन्हा थांबले.

“मार टाच,” लॉवेल म्हणाला.

“नाही मारणार. दादा, आळशी घोडं कुठं तोंड करतं?”

“घराकडे. ड्वाइट म्हणालाच की.”

“मग हिचं तोंड बघ. झाडीकडे आहे. आणि रोज इथंच येते, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही.”

ती उतरली. तिला रीत कुठली माहीत, पण उतरताना तिच्या हातून लगाम सुटला आणि जमिनीवर पडला. मी चारी पाय रोवले. लॉवेल लगाम उचलायला धावला, तर ती म्हणाली, “थांब! ही बघ कशी उभी राहिली. हिला कुणीतरी इथं उभं करून आत जात होतं.”

दोघं वाकून झाडीत शिरली. फांद्या मोडल्याचा आवाज आला. मग लॉवेलची आरोळी, “नेटे, पाणी! इथं पाणी आहे!”

पुढचं मला त्यांच्या ओरडण्यातूनच कळलं. आत झऱ्यावर लाकडी पेटी होती, नळाचं तोंड त्या पेटीत. तोंडाची जाळी शेवाळानं आणि मुळांनी गच्च भरलेली. झरा आटला नव्हताच, पेटीवरून वाहून चिखलात जिरत होता. ऑस्कर दर शनिवारी ती जाळी साफ करत होता. दोघांनी हातांनीच मुळं ओढून काढली, आणि जमिनीखाली, माझ्या खुरांच्या जवळून, काहीतरी गुडगुडत खाली निघालं.

दोघं चिखलानं माखून बाहेर आली आणि टेकडीवरून धावत सुटली. “मावशी! मावशी, टाकं बघ!” आनंदात मला तिथंच विसरली. लॉवेलचं घोडं गवत खात खात उतरून गेलं. माझा लगाम खाली होता, मी थांबले.

उन्हं कलली तेव्हा व्हर्नाबाई चालत वर आल्या. मला पाहून जागीच उभ्या राहिल्या. मग झाडीत शिरल्या. मी कान टवकारले. किती शनिवार मी त्या झाडीकडे बघत घालवले होते! फांद्या हलल्या आणि माणूस बाहेर आलं. कोपरापर्यंत ओलं, गुडघ्यांना चिखल. हातात गंजका डबा, ऑस्करचा पेपरमिंटचा. पेटीच्या काठावर तो तसाच ठेवलेला होता.

व्हर्नाबाईंनी माझ्या कपाळाला कपाळ टेकलं. “अगं बाई,” म्हणाल्या, “तू सांगत होतीस, आणि आम्ही तुला टाचा मारत होतो.” मग त्या रडल्या. त्याच्या मरणानंतर मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. गोळी जुनी, दमट झालेली होती. मी ती खाल्ली.

शुक्रवारी व्यापारी आला, कॉफी पिऊन रिकाम्या गाडीनं परत गेला. व्हर्नाबाई रुबार्बचा ‘पाय’, आंबट देठांचं सारण भरून भाजलेलं पक्वान्न, घेऊन टॉलेफसनकडे गेल्या. गसनं एक घास खाल्ला आणि म्हणाला, “साखर कमी आहे.” मग दुसरा तुकडा मागून घेतला, म्हणजे मिटलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. नेटीनं परवा तिच्या मैत्रिणीला माझ्यापाशी उभं केलं आणि म्हणाली, “हिनंच शोध लावला, मी नुसती उतरले.” खरं तेच बोलली. माझे दात पडलेत, गोळी कुटून द्यावी लागते, खोगीर तर कधीचं सुटलं. तुमचं घोडं कधी थांबलं तर टाच मारण्याआधी ते कुठं बघतंय तेवढं बघा, हे माझं मागणं.

शनिवारी व्हर्नाबाई लगाम धरून मला टेकडीवर नेतात. आम्ही दोघीही सावकाश चढतो. झाडीपाशी त्या लगाम खाली टाकतात आणि वाकून आत शिरतात. मी उभी राहते. त्या बाहेर येतात.